नऊची बेरीज

नव्व्याण्णव साल संपत आलं तेव्हा मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका शेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होते. कामाला म्हणजे ट्रायलवर. शेठ सिंधी, बाबांच्या वयाचे, मनाने मोकळे, पण एका बाबतीत कोणाचं ऐकायचे नाहीत. प्रत्येक नंबरातल्या आकड्यांची बेरीज करत गेलं की शेवटी नऊ आली पाहिजे. स्कूटरची आली, फोनची आली, गाळ्याच्या नंबराची काही येईना. म्हणून त्यांनी शटरवर पुढे एक आकडा आपल्या मनाने रंगवून घेतला होता, आणि पोस्टमन आमची पत्रं शेजारच्या जीन्स शिवणाऱ्यांकडे टाकून जायचा. मी हसायचे. शेठ म्हणायचे, "हसो, हसो. धंदा चलता है ना?"

बदलापूरला, कुळगावातल्या आमच्या घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. नाशिकचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, माणसं चांगली. माझी तक्रार एवढीच की मला आत्ता लग्नच करायचं नव्हतं. पुष्कळ भांडण झाल्यावर बाबा म्हणाले, "शनिवारपर्यंत नोकरी कायम झाली, तर मी त्यांना थांबा म्हणून कळवतो. नाहीतर रविवारी होकार." आई पोळ्या लाटत होती. तिने पुढची पोळी लाटायला घेतली, आणि मला तिचाही राग आला.

शनिवार माझ्या हातात होता. अंबरनाथच्या एका रंगाच्या कंपनीला नवा कॉम्प्युटर हवा होता, पण त्यांच्या स्टोअरचा जुना प्रोग्रॅम नव्यावर चालायला तयार नव्हता. शेठनी कुठून तरी एक सीडी आणली. तिच्यातल्या सॉफ्टवेअरने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक अख्खा जुना कॉम्प्युटर उभा राहायचा. दिसायचा फक्त पडद्यावरच्या चौकटीत, पण स्वतःला खरा समजायचा. आतल्याने हिशोब करायचा, तो बाहेरच्याकडे पाठवायचा, बाहेरच्याने छापायचा. त्यासाठी दोघांचं बोलणं व्हायला हवं. "एवढं जमव," शेठ म्हणाले, "तू पक्की. नेटवर्कचा सगळा काम तुझा." शुक्रवारी संध्याकाळी जमलं. आतल्याने हाक मारली, बाहेरच्याने ओ दिली. मी घरी जाताना स्टेशनवर वडापाव घेतला आणि उभ्या उभ्या दोन खाल्ले.

शनिवारी सकाळी दुकानात उदबत्तीचा वास होता. शेठ माझ्या आधी येऊन पूजा आटोपून बसले होते. मी मशीन चालू केलं, आतून हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. नाही. बाहेरून आत मारली, तरी नाही.

अशा वेळी माझं डोकं थंड राहत नाही. काल चाललेलं आज का चालत नाही, हा प्रश्न मला वैयक्तिक अपमानासारखा लागतो. मी सगळं बंद करून चालू केलं. आतल्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड काढलं, परत बसवलं. हे कार्डसुद्धा खोटंच, सॉफ्टवेअरने मानलेलं, त्यामुळे हाताने हलवून बघायची सोय नाही. मग सीडी घालून सगळं पहिल्यापासून टाकलं. निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती आणि मी दुकानात येरझाऱ्या घालत होते. शेजारी शिलाईमशीनं घरघरत होती. मला ती सगळी बंद करावीशी वाटत होती.

नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला पत्त्यासारखा एक नंबर असतो. आतल्याचा मी तीनदा तपासला. बरोबर होता. बाहेरच्याचा तपासला नाही, कारण तो मीच काल दिला होता आणि त्यावर सगळं चाललं होतं.

दुपारी कंपनीचे साहेब आले. खुर्चीत बसले, चहा घेतला. "झालंय ना?" त्यांनी विचारलं.

"झालंय, साहेब. जरा एक मिनिट."

शेठ त्यांना म्हणाले, "टेन्शन मत लो, साहेब. आज होणारच. मी सगळा नंबर बरोबर करून ठेवला आहे."

माझा हात थांबला. "कसला नंबर, शेठ?"

"नंतर सांगतो. आधी बोलला तर टोक लागते, नजर."

मी बाहेरच्या कॉम्प्युटरचा नंबर उघडला. या नंबरांचे चार भाग असतात. आमच्या मांडणीत पहिले तीन दोघांचे सारखे असायला हवे होते, शेवटचा तेवढा वेगळा. शेठनी शेवटचा भाग नऊ केला होता. तेवढ्यावर ते थांबले असते तरी बेरीज नऊ येत होती आणि सगळं चाललंही असतं. पण माझ्यासाठी म्हणून त्यांनी तिसऱ्या भागातही एक नऊ घातला होता. दोघं एकाच पेटीत राहून दोन वेगळ्या गावांचे झाले होते.

"तुझ्यासाठीच केला, बेटा," शेठ हळू आवाजात म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला की माझ्या तोंडातलं कडू वाक्य तोंडातच राहिलं. जुना नंबर परत टाकणं सोपं होतं. पण मी आतल्याचाच तिसरा भाग नऊ केला आणि शेवटी अठरा घातले. शेठनी बोटांवर बेरीज केली. नऊ. मी हाक मारली, ओ आली. प्रिंटरवर स्टोअरचा कागद सरसर उतरला. साहेबांनी मान डोलावली. शेठनी त्यांच्यासमोरच सांगितलं, "सोमवारपासून पक्की."

बदलापूरला उतरले ती पळतच घरी गेले. बाबा दारातच हसत उभे होते. मला वाटलं, यांना कळलं कसं?

"नाशिकहून फोन आला होता दुपारी," ते म्हणाले. "मी होकार देऊन टाकला."

"आज शनिवार आहे, बाबा. मी कायम झाले."

त्यांनी मला आत घेऊन दार लोटलं. मग म्हणाले, "थांबा म्हटलं असतं तर ते दुसरीकडे बघणार होते. इतकं चांगलं घर हातचं जाईल. तुझ्यासाठीच केलं मी, बेटा."

एकाच दिवशी दोनदा. मला रडू आलं, आणि त्या रडण्याचाच संताप आला. शेठनी काय बदललंय ते दिसल्यावर मला ते सावरता आलं होतं; हेही येईल. मी फोनचा रिसीव्हर उचलला.

"नाशिकचा नंबर द्या."

"भलतंच काय? मुलीने स्वतः फोन करायचा?"

"द्या, बाबा."

बाबांनी नंबर दिला नाही. तोंड फिरवून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी रिसीव्हर कानाला धरून तशीच उभी राहिले.

मग आई स्वयंपाकघरातून आली. पिठाचे हात पदराला पुसत तिने एकेक आकडा मला सांगितला, सावकाश, न बघता. तो तिला पाठ होता. म्हणजे मी नसताना, कधीतरी, तोच फोन करायचं तिच्याही मनात आलं असणार.

पलीकडे घंटी वाजली. कोणीतरी म्हणालं, "हॅलो, कोण बोलतंय?"

"मी," मी म्हणाले, "मुलगी बोलतेय."