वजनकाकांची न घेतलेली गाडी

कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की वजनकाका त्याला गाडीबद्दल आधी काहीच विचारत नसत. विचारत ते माणसांबद्दल. "घरात किती जण? प्रत्येकाचं वजन सांग. खरं सांग." बायकोचं वजन नवऱ्याने सांगितलं तर ते दहा पौंड वाढवून धरत आणि तिने स्वतः सांगितलं तर पंधरा. खिशातल्या छोट्या वहीत आकडे मांडून झाले की खाली आणखी एक ओळ लिहीत : देशी वजन, चारशे पौंड. हे कशाचं, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "गाडी बनवणारा धरून चालतो की माणूस दोन सँडविच घेऊन सहलीला जाईल. आपल्या माणसाबरोबर कुकर जातो, तांदळाची गोण जाते, लोणच्याच्या बरण्या जातात आणि ऐन वेळी एक मेव्हणा येतो. ते त्याला कुठे माहीत?"

नेपरव्हिलमध्ये आम्ही राहायला गेलो ते ब्याऐंशी साली. तेव्हा तिथल्या मराठी घरांत जुनी गाडी घ्यायची म्हणजे काकांना बरोबर न्यायचं, असा रिवाजच होता. काका यंत्रांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगी कॅलिफोर्नियात, घरात काका-काकू दोघंच. शनिवारी ते दारात आले की आमचा धाकटा ओरडे, "वेट काका इज हिअर!" काखेत एक जुनी चादर, हातात बाथरूममधला वजनकाटा आणि खिशात लोहचुंबक. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने गाड्या खालून गंजतात, आणि विकणारे लोक भोकं बुजवून वर रंग देतात. बुजवलेल्या जागी चुंबक चिकटत नाही. काका गोऱ्या माणसाच्या अंगणात चादर अंथरून शांतपणे गाडीखाली शिरत आणि तो माणूस कोकचा कॅन हातात धरून त्यांच्या बाहेर राहिलेल्या पायांकडे बघत राही.

माझ्यासाठी त्यांनी चार सिलिंडरची एक छोटी गाडी निवडून दिली. मी पुलांसाठीचं पोलाद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो; दिवसभर पट्ट्या वाकवायच्या, तडे मोजायचे आणि पास की नापास ते लिहायचं. हे कळल्यावर काका म्हणाले, "म्हणजे तुला आकडा खोटा सांगता येत नाही. तू माझ्याबरोबर येत जा. आता मला माझ्यासाठी गाडी बघायचीय."

त्यांच्या ड्राइव्हवेत एक लहानसा ट्रेलर उभा होता. आत दोन बाकं, मध्ये टेबल, कोपऱ्यात गॅसची शेगडी. टेबल खाली केलं की दोघांना झोपता येई. तो घेतला तेव्हा काकांकडे मोठी गाडी होती. पुढे पेट्रोल महागलं तेव्हा ती विकून त्यांनी छोटी घेतली, आणि ती काही ट्रेलर ओढू शकत नव्हती. मग काकूंच्या किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास हॉस्पिटलात मशीनवर. दिवसाला मोजून चार कप पाणी. केळं नाही, बटाटा नाही, नारळ नाही. मशीनवर बसवण्याआधी त्यांचं वजन करत आणि उतरवल्यावर पुन्हा करत, आणि काका दोन्ही आकडे टिपून ठेवत.

काकू मात्र दुपारी कपात मोजून घेतलेला चहा घेऊन त्या उभ्या ट्रेलरमध्ये जाऊन बसत. कुणी फोनवर विचारलं तर काका म्हणत, "ती बाहेर गेलीय." एकदा मी दारातच भेटलो तर मला म्हणाल्या, "विस्कॉन्सिनला चाललेय रे, तासाभरात येते."

विस्कॉन्सिनमध्ये एक तळं होतं. दुखणं येण्याआधी दोघं तिथे एकदा जाऊन आली होती. काकूंना पुन्हा तिथेच जायचं होतं. माझ्या बायकोने विचारलं, "काकू, तिथे एवढं काय आहे?" त्या म्हणाल्या, "काही नाही गं. पाण्याकाठी वांगं भाजीन, भाकरी टाकीन. आणि दोन रात्री मला कुणी काट्यावर उभं करणार नाही."

हॉस्पिटलातल्या नर्सने तर सांगूनच टाकलं होतं : शुक्रवारी मशीन झालं की निघा, रविवारी रात्री परत या, काही होत नाही. काकांनी हिशोब मांडला. एकशे साठ मैल, ट्रेलर मागे असताना पन्नासचा वेग, दोन थांबे, म्हणजे चार तास. मग वाटेवरच्या प्रत्येक गावात मशीन असलेलं हॉस्पिटल कुठे, तिथला फोन काय, तळ्यापासून किती मिनिटं, असं एका मोठ्या कागदावर उतरवलं. काकूंनी तो कागद चष्मा लावून वाचला. "अहो, हा सहलीचा नकाशा आहे की हॉस्पिटलांचा?" काका म्हणाले, "गाडी मिळू दे आधी."

तेव्हा दोन उन्हाळे आम्ही गाड्या बघितल्या. ट्रेलर रिकामा चौदाशे पौंड, सामानासकट एकोणीसशे. त्यातलं दहावा हिस्सा तरी वजन गाडीच्या मागच्या हुकावर यायला हवं, नाहीतर ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा हलतो. पण फार झालं तर गाडीचं नाक वर जातं. हे सगळं मला काकांनी शिकवलं. एका स्टेशन वॅगनच्या गिअरबॉक्सचं तेल लालऐवजी तपकिरी निघालं आणि त्याला जळका वास होता. दुसरीची मागची चौकट हुक बसवायच्या जागीच गंजाने खाल्लेली होती. तिसरीला गिअरबॉक्स थंड ठेवणारा छोटा रेडिएटर नव्हता. एकीचे ब्रेक एका बाजूला ओढत होते. अकरा गाड्या झाल्या. अकराच्या अकरा नापास होत्या, आणि त्या खरोखरच नापास होत्या. मी स्वतः बघितल्या आहेत. पण दर वेळी परतताना काका जरा जास्तच खुशीत असतात, हेही माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूजवळची एक गाडी नापास केली त्या दिवशी तर त्यांनी अर्धा किलो जिलबी घेतली.

बारावी गाडी गावाच्या पश्चिमेला, एका निवृत्त शिक्षकाकडे होती. लांबलचक वॅगन, आठ सिलिंडर. म्हातारा तिच्यामागे होडी जोडून न्यायचा, त्यामुळे हुक, जादा रेडिएटर, सगळं कारखान्यातूनच बसवलेलं. तेल स्वच्छ लाल. चुंबक सगळीकडे चिकटला. आम्ही दहा मैल चालवून आणली. चढावर कुरकुर नाही, ब्रेक सरळ. काका चादर अंथरून खाली शिरले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा कपाळावर घाम होता.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही." त्यांनी गाडीला एक फेरी मारली, मग दुसरी. "तू बघ एकदा. माझी नजर आता तेवढी राहिली नाही."

"काका, तुम्ही बघितलंय सगळं."

"तरी बघ. काहीतरी असेलच."

मी बघितलं. मागच्या फळीखाली स्टेपनीची खोबण असते, तिच्या तळाशी डाइमच्या नाण्याएवढं, नखात मावेल असं गंजाचं भोक होतं. तो नुसता पत्रा. त्यावर ना ट्रेलरचं वजन येत, ना माणसांचं. प्रयोगशाळेत मी त्यावर वेळसुद्धा घालवला नसता. मी मान वर केली. काका माझ्याकडे बघत होते. परीक्षेच्या निकालाची वाट बघणारा मुलगा बघतो तसे. फक्त हा मुलगा नापास होण्याची वाट बघत होता. त्या दोन रात्रींत काही झालं आणि मशीन पन्नास मैलांवर असलं तर, हे त्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. गाडी मिळाली की त्यांच्याकडे सबब म्हणून पुढे करायला काही उरणार नव्हतं.

"गंज आहे," मी म्हणालो.

काकांनी श्वास सोडला. "बघ!" ते मोठ्याने म्हणाले. "मीठ कुणाला सोडत नाही." शिक्षकाशी हात मिळवून त्यांनी चादरीची घडी घातली. घरी येईपर्यंत ते भारताने जिंकलेल्या वर्ल्ड कपबद्दल बोलत होते.

काकू ट्रेलरमध्येच बसल्या होत्या. काका काटा ठेवायला घरात गेले तशी त्यांनी मला खुणेने बोलावलं. "काय निघालं आज?"

"गंज, काकू."

"कुठे?"

मला थाप मारता येत नाही. "स्टेपनीच्या खोबणीत."

त्यांनी कप टेबलावर ठेवला. "मी काय स्टेपनीवर बसणार होते?"

"काकांना काळजी वाटते," एवढंच मी म्हणालो.

"काळजीच वाटते त्यांना. ती दोघांना पुरते." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पण तू का म्हणालास रे? तू तर पास-नापासचाच पगार घेतोस ना?" आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. बाहेर काकांची पावलं वाजली तशा त्या हसून म्हणाल्या, "चला, उतरा खाली. आलं माझं स्टेशन."

ती वॅगन त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी घेतली. उन्हाळा गेला. ऑक्टोबरात काकूंच्या हाताची, मशीनच्या नळ्या जोडायची शीर बंद पडली, दुसऱ्या हातात नवी करावी लागली. मग बर्फ आलं आणि गाड्या बघणं आपोआप थांबलं. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी त्या मशीनवरच गेल्या, वजन करून झाल्यावर.

एप्रिलमध्ये काकांचा फोन आला. मुलीकडे कायमचा जातोय, ट्रेलर विकलाय, न्यायला येणार आहेत, तू ये. पिकअप घेऊन एक तरुण गोरं जोडपं आलं. त्यांनी हुकावर ट्रेलर अडकवला, साखळ्या लावल्या, दिवे लागतात का ते एकदा बघितलं आणि दहा मिनिटांत निघाले. काकांनी त्यांना काहीच विचारलं नाही. ट्रेलर कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते हात पाठीमागे बांधून उभे होते.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो गंज केवढा होता?"

मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं.

"मला हवा होता म्हणून सांगितलास."

"हो, काका."

त्यांनी मान हलवली. समोरच्या घरातली बाई कचऱ्याचा डबा ओढत आत नेत होती, तिच्याकडे बघत राहिले.

"तू 'खोट नाही' म्हणाला असतास," ते म्हणाले, "तर मी निमूट घेतली असती गाडी. म्हणून तर तुला बरोबर नेत होतो."