उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह

शहराला पाणी सोडायचं काम चावीवाल्याने एकतीस वर्षं केलं. काम दिसायला सोपं. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, छातीपर्यंत येणारी लांब चावी खाली व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसवायची आणि फिरवायची. पण घाई केली तर पाइपातलं पाणी उसळतं आणि दोन गल्ल्या पलीकडे सांधा फुटतो. म्हणून तो एकेक फेरा मोठ्याने मोजायचा. जाणारे-येणारे विचारायचे, "काय, पाढे पाठ झाले का?"

"घरी पाणी आलं ना? मग झाले."

त्याच्या हातून कधीच सांधा फुटला नव्हता. हे तो स्वतः सांगत नसे, पण दुसरा कुणी सांगायला लागला की ऐकत उभा राही.

त्या वर्षी निवडणुकीचा निकाल दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने लावला. दोन पंतप्रधानांनी शपथ घेतली. पाणीखात्यात एकाच कामाची दोन परिपत्रकं येऊ लागली. सुरुवातीला सगळे हसले. "दोन सासवांची सून झालोय आपण," हेडक्लार्क म्हणाला. महिन्याभरात तोच हेडक्लार्क वेगळ्या टेबलावर चहा प्यायला लागला. मग एका सरकारची माणसं वरच्या शहरात सरकली, दुसऱ्याची खालच्या. मधल्या पुलावर वाळूची पोती आली. पुलावर एक माणूस गोळी लागून मेला. कुणी मारला यावर एकमत झालं नाही, पण त्याला पोचवून आल्यावर दोन्हीकडे बंदुका वाटल्या गेल्या. त्यानंतर फोन बंद पडले.

चावीवाला वरच्या शहरात राहायचा. त्याची थोरली बहीण खालच्या शहरात, चढावरच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर. तिची सून वीस दिवसांची बाळंतीण होती.

एका सकाळी चष्मेवाला दारात आला. पूर्वी त्याचं चष्म्याचं दुकान होतं. आता त्याच्या गळ्यात दुकानातलीच दुर्बीण होती आणि मागे चार बंदूकवाले.

"काका, खालच्यांचं पाणी बंद करायचंय. तहानले की येतील शरण."

"लहान मुलं आहेत तिथे."

"इथे नाहीत? चला."

खालच्या शहराचा मोठा व्हॉल्व्ह नेहमी अर्धाच उघडा असे. पूर्ण सोडला तर उतारामुळे सगळं पाणी खालीच जाई. शिवाय तो जुना होता, उलट्या आट्यांचा. बाकीचे व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात, हा उघडतो. खात्यात हे माहीत असलेला दुसरा माणूस पूल ओलांडून गेला होता.

चावीवाल्याने चावी बसवली आणि उजवीकडे फिरवली. सवयीने फेरे मोठ्याने मोजले. सव्वीस. दांडा ठप्प झाला. चष्मेवाल्याने स्वतः जोर लावून पाहिला. हलला नाही.

"शाबास काका."

घरी येईपर्यंत त्याची बनियन घामाने अंगाला चिकटली होती. संध्याकाळी बायकोने नळाखाली बादली लावली आणि बघतच राहिली.

"अहो, पाणी त्यांचं बंद केलंत ना? मग धार आपली कशी बारीक झाली?"

त्याने दार लावून घेतलं आणि सांगितलं.

"ताईंना माहीत आहे?"

"कसं असेल?"

"मग संपलंच. भरपूर पाणी दिसलं की त्या पडदेसुद्धा धुतील."

तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या शहरातल्या पाण्याच्या उंच टाकीच्या पायऱ्यांवरून त्याने नदीपलीकडे पाहिलं. गच्चीगच्चीवर धुणं. चादरी, शर्ट, परकर. ताईच्या गच्चीवर तर दुपट्यांची रांगच लागली होती. ओरडून सांगावं, काढा ते कपडे! पण मध्ये नदी होती, आणि टाकीवर दुर्बीण घेऊन चष्मेवाला.

दुपारी त्याला व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी नेलं. चष्मेवाला आता काका म्हणत नव्हता.

"तू काय केलंस?"

जीव वाचवायचा तर एकच वाट होती, आणि ती त्याला जड गेली. "चुकलो," तो म्हणाला. "हा उलट्या आट्यांचा आहे. बंदुका बघून डोकं चाललं नाही. बंद करायचा तो उघडला."

एक बंदूकवाला खो खो हसला. "तीस वर्षं काय झोपा काढल्या?"

"एकतीस," तो पुटपुटला आणि मान खाली घातली.

चष्मेवाला हसला नाही. "चूक एकदाच होते. दुसऱ्या वेळेला तिला चूक म्हणत नाहीत. फिरव."

त्याने डावीकडे फिरवायला सुरुवात केली. पुरता बंद व्हायला बावन्न फेरे. एक बंदूकवाला बोटांवर मोजत होता, पण किती व्हायला हवेत हे त्याला ठाऊक नव्हतं. अठ्ठेचाळीसवर चावीवाला थांबला. चार फेरे उघडे राहिले.

"झालं?"

"दांड्यापाशी गळतंय. खाली उतरून आवळतो."

तो खड्ड्यात उतरला. दांड्याभोवतीचं पॅकिंग दाबणारे दोन नट असतात. ते बेताने आवळले तर गळती थांबते, जास्त आवळले तर दांडाच जाम होतो. त्याने पान्यावर सगळं वजन टाकलं. असं वाईट काम त्याने जन्मात केलं नव्हतं. चार फेऱ्यांचं पाणी कुठवर जाईल ते त्याला वाकलेल्या अवस्थेतच कळलं. नदीकाठच्या गल्लीतल्या तळमजल्यांचे नळ थेंब थेंब चालतील. चढावर, तिसऱ्या मजल्यावर, काही नाही.

"वर ये."

चष्मेवाल्याने चावी धरली. डावीकडे रेटली, मग उजवीकडे. चावीवाला त्याच्या मनगटांकडे बघत होता. दांडा कुरकुरला. केसभर हलला की काय? नाही. चष्मेवाल्याने पाय रोवून पुन्हा जोर लावला, मग चावी टाकून दिली.

"जा घरी. उद्या सकाळी टाकीवर ये."

दुसऱ्या सकाळी गच्च्या मोकळ्या होत्या. चष्मेवाल्याने दुर्बीण त्याच्या हातात दिली. चढावरून बायका रिकामी भांडी घेऊन नदीकडे उतरत होत्या. त्याने एकेक चेहरा पाहिला. ताई दिसली नाही. तिचे गुडघे गेलेत, तीन जिने ती उतरणार कशी, आणि सून बाळाला सोडून येणार कशी?

"बघितलंस? वणवण फिरतायत," चष्मेवाला म्हणाला.

"हो."

"आता रोज यायचं. माझ्याबरोबर बघायचं. एक जरी कपडा वाळताना दिसला, तर कुठल्या गच्चीवर तेही तूच सांगायचंस."

"येतो," तो म्हणाला. दुर्बीण परत द्यायची होती, पण तो अजून चढावर ताईला शोधत होता.