ओल्या कापडाची पारख

आमच्या तिसगावच्या ख्रिस्ती मंडळीत, पाण्यात बुडवून देतात त्या बाप्तिस्म्याचे पांढरे झगे शिवणारा एकच शिंपी आहे. कापड आधी बादलीत बुडवून स्वतःच्या हातावर पसरतो. ओल्या कापडातून बोटं दिसली की आतून अस्तर लावतो. पाण्यात झगा वर येऊ नये म्हणून खालच्या दुमडीत लोखंडी वॉशर शिवतो.

"आदाम नागडा म्हनून लाजला, तवा देवानंच त्याला कापडं करून घातली. पयला शिंपी देवच हाय," हे तो ताठ मानेनं सांगतो.

माझ्या बहिणीचा बाप्तिस्मा शेततळ्यात झाला. सगळे तिच्याकडे बघत होते, हा मात्र तळ्याकडं पाठ करून उभा. ती पाण्यातून वर आल्यावर त्यानं विचारलं, "झगा तरंगला का?"

"नाही," मी म्हणालो.

"तरंगनारच न्हाई," तो म्हणाला, आणि बहिणीनं शाल पांघरेपर्यंत वळला नाही.