पाण्याला भिणारा मेकॅनिक

बोटीचं जुनं फोर-स्ट्रोक इंजिन विकत घेतलं, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. नाशकात ते दुरुस्त कोण करणार? सातपूरचा एक गॅरेजवाला तयार झाला. त्याने तोवर फक्त मोटारसायकली खोलल्या होत्या.

स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून तो विचारायचा, "बोला मॅडम, कुठं दुखतंय?" मी काही सांगू लागलो, की म्हणायचा, "तुमी नाय, मॅडम बोलतील."

पंधरा दिवसांनी त्याने इंजिनाचा पंखा पाण्याच्या पिंपात बुडवून दोरी ओढली. इंजिन गुरगुरलं आणि बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार उडाली. म्हणजे पाणी आत खेळत होतं, इंजिन तापणार नव्हतं. "मुतलं! साहेब, मुतलं!" म्हणत तो गॅरेजभर नाचला.

रविवारी धरणावर मात्र तो बोटीत बसेना. "पोहता येत नाय. पाण्याची लय भीती वाटती." मी एकटाच निघालो. थोडं पुढे जाताच इंजिन धापा टाकू लागलं.

"चोक! चोक आत ढकला!" मागून त्याचा आवाज आला.

मी चोक ढकलला. इंजिन झकास पळू लागलं. वळून पाहिलं, तर तो कपड्यांसकट छातीभर पाण्यात उभा राहून टाळ्या पिटत होता. मग त्याचं लक्ष खाली गेलं आणि तो किंचाळला, "मला काढा!"

मी बोट वळवून त्याला कसंबसं आत ओढलं. दात वाजत असतानाच तो म्हणाला, "आता भिजलोच हाय, तर एक चक्कर मारू ना?"