जरीपट्ट्याचा कॅलिपर

"मावशी, आई गेली," प्रज्ञा फोनवर म्हणाली, आणि मी मेथी निवडता निवडता विचारलं, "कुठी गेली?"

आता त्या प्रश्नाचं हसू येतं, पण तेव्हा तो अगदी सहज आला. गेली काही वर्षं कुंदा रोज कुठे ना कुठे जातच असायची. रिसोडमधल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून ती सकाळी बर्फात जायची, दुपारी समुद्राकाठच्या बाजारात, आणि संध्याकाळी मला भाजीच्या गाडीपाशी गाठून सांगायची, "आज एका जहाजावर गेली होती वं. समदे उघडेवाघडे! एकाच्याबी अंगावर धड कपडा नाही." ... त्या दिवशी मात्र ती खरोखरच बाहेर होती. कारंज्याला बहिणीकडे गेली होती. जेवली, बहिणीच्या नव्या ब्लाऊजच्या बाहीला नावं ठेवली, जरा पडते म्हणाली आणि झोपेतच गेली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. प्रज्ञा, तिची एकुलती एक लेक, पुण्याहून निघाली होती आणि रस्त्यातूनच मला फोन करत होती. तिने वाक्य पुन्हा उच्चारलं, तेव्हा कुठे मला कळलं.

कुंदा रिसोडची लेडीज टेलर, आणि माझी रिठदच्या शाळेपासूनची मैत्रीण. लहानपणीच्या पोलिओने तिचा डावा पाय बारीक राहिला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे असलेला कॅलिपर घातल्याशिवाय तिला चालता येत नसे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचात तिला घेतलं नाही, तर तिने सगळ्या नाचणाऱ्या मुलींचे परकर शिवायचं अंगावर घेतलं. तिच्या चालण्याची नक्कल करणारी एक मुलगी होती. तिचा परकर नेमका घोट्यापाशी इतका तंग निघाला की बिचारी स्टेजवर चिमणीसारख्या उड्या मारत राहिली. बाईंनी विचारलं तर कुंदा डोळे मोठे करून म्हणाली, "कापडच कमी पडलं, बाई." तो हिशेब तिने तिथेच मिटवला. पुढे त्याच मुलीच्या लग्नाचे ब्लाऊज तिने शिवले आणि ते अंगाला असे बसले की नवरीची आई दुकानात येऊन तिच्या गालावरून हात फिरवून गेली.

लग्न होऊन ती रिसोडला आली. मीही तिथल्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले. तिचा नवरा लवकर गेला, तरी मशीनच्या जोरावर तिने प्रज्ञाला शिकवलं. पायाने मशीन मारणं जमायचं नाही, म्हणून आधी हाताची मशीन होती, मग मोटर आली. पन्नाशी उलटल्यावर मणक्याने कुरकुर सुरू केली आणि डॉक्टरांनी वाकून बसायला बंदी केली. मशीनवर चादर पडली. तो काळ काही बरा नव्हता... कुंदा दारात खुर्ची टाकून बसायची आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या पाठीवरची चुणी मोजायची.

प्रज्ञाची नोकरी कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी चित्रं करणाऱ्या कंपनीत. घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा ती काही महिने रिसोडला येऊन राहिली. एकदा मी गेले, तर कुंदा लेकीच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत उभी.

"हे काय शिवून राह्यली वं?"

"शर्ट आहे आई. मेशचा."

"मेश म्हंजे जाळी. जाळीचा शर्ट कोन घालते?"

प्रज्ञाने आम्हा दोघींना समजावलं. पडद्यावरचा कपडा म्हणजे बारीक बारीक चौकटींचं विणलेलं जाळं. एकेक गाठ ओढून त्याला खांदा द्यायचा, बाही द्यायची, वर कापडाचा रंग चढवायचा. आणि हे घालतात ती खरीखुरी माणसंच. इंटरनेटवर एक जग आहे, तिथे प्रत्येकजण आपली एक बाहुली घेऊन फिरतो, बोलतो, दुकानं मांडतो. त्या बाहुलीला अवतार म्हणतात.

"अवतार?" कुंदाला हसू आवरेना. "माही सासू रोज म्हनायची, काय अवतार केला हा! मले वाटे, बुढी शिव्या देऊन राह्यली. थे तर माहं भविष्य सांगत होती."

दुसऱ्या दिवसापासून ती शिकायला बसली. वाकायचं नव्हतं, पडदा डोळ्यांसमोर होता, तेव्हा मणक्याची तक्रार नव्हती. पण सोपं मुळीच नव्हतं. तिच्या हाताला जे येत होतं ते इथे बरेचदा आडवंच यायचं. शिलाईला ती नेहमी सढळ हाताने माया, म्हणजे आत दुमडायचं जास्तीचं कापड, सोडायची. इथे कापडाला जाडीच नाही, तर माया सोडायची कशाला? सोडली की काखेतून भुतासारखे कोपरे बाहेर यायचे. तिचा पहिला ब्लाऊज बाहुलीने हात वर करताच मानेपर्यंत चढला. पहिली साडी तर अशी की बाहुली खुर्चीत बसली आणि साडी तशीच उभी राहिली! कपडा आतल्या हाडांना बांधावा लागतो, कोणतं हाड कपड्याला किती ओढेल ते ठरवावं लागतं, हे समजेपर्यंत उन्हाळा सरला. मी दिसले की ती मला कामाला लावायची. "मंगल, बस. ऊठ. आता त्या ओट्यावर चढ. पदर सोड." मी आपली साडी नेसून तिच्या खोलीत उठाबशा काढत असे आणि ती माझ्या गुडघ्याकडे टक लावून बघत असे. समोरच्या घरातली बाई एकदा विचारायला आली, मास्तरीण बाईंना बरं नाही का म्हणून.

तिची स्वतःची बाहुली प्रज्ञाने करून दिली होती. सावळी, आटोपशीर, केसांत जरा पांढरं, पाय दोन्ही सरळ. सुरुवातीला कुंदा तिला घेऊन फक्त जिने चढायची. बाजार नको, बाग नको. एखादा मनोरा सापडला की वरपर्यंत जायची, उतरायची, पुन्हा चढायची. "पाह्य," मला म्हणायची, "कठडा न धरता." मी बघत राहायचे.

आणि मग एक दिवस मी गेले तर तिचा कॅलिपर पायात नव्हता, टेबलावर आडवा होता, आणि कुंदा त्यावर टेप लावून बसली होती.

"दुरुस्तीले टाकते का?"

"नाही. माप घेऊन राह्यली."

"कोनाचं?"

"त्याचंच. बाहुलीसाठी करतो."

मला राग आला. मी म्हटलं, "इथं जलमभर हे लोढणं वागवलं. तिथं पाय सरळ हाय, तिथं कायले पाह्यजे?"

कुंदा शांतपणे टेप गुंडाळत म्हणाली, "मंगल, तिची निरी मले जमून नाही राह्यली. मी साडी नेसली ते याच पायावर. डावीकडून जराशी वर घ्यायची, पट्ट्याच्या वर एक खोच मारायची. सरळ पायावर निरी कशी पडते, मले मालूमच नाही वं. तुह्यावर पाहून केली, पन थे तुही साडी झाली. माही नाही."

तिने कॅलिपर केला. बाहुलीची चालही प्रज्ञाकडून तशीच बसवून घेतली, एक खांदा खाली जाणारी. मात्र पट्टे काळे ठेवले नाहीत. "दवाखान्यातला काळाच काहून देतात?" म्हणत तिने पट्ट्यांना जरीचा काठ लावला, बक्कल चांदीचं केलं. साडी बदलली की पट्टाही त्या रंगाचा. काही दिवस ती तो काढूनही ठेवायची आणि खुशाल जिने चढून यायची. "आज मोकळं फिरावंसं वाटलं," एवढंच. दोन्ही तिचंच होतं, त्यात तिला काही अडचण दिसत नव्हती.

तिच्या आयुष्यातला सगळ्यात गमतीचा दिवस म्हणजे पुढच्या वर्षीची एप्रिलमधली जयंती. नोकरीसाठी पांगलेल्या आपल्याकडच्या मंडळींनी, कुणी आखातात, कुणी लंडनला, कुणी पुण्यात, त्या पडद्यावरच्या जगात जयंतीची मिरवणूक काढायचं ठरवलं. बायकांना पांढरी साडी, निळा काठ. सगळ्या साड्या कुंदाने पत्करल्या. कुणाची बाहुली जाड, कुणाची बारीक, आणि एक बाई तर मांजर! कुंदा हैराण होऊन मला विचारायची, "शेपटी निरीतून काढू का पदराखालून?" शेवटी पदराखालून काढली.

त्या संध्याकाळी नेमकी कुंदाच्या गल्लीतली विजेची डीपी जळाली. सगळीकडे अंधार. माझ्याकडे इन्व्हर्टर होता, म्हणून आम्ही कॉम्प्युटर उचलला आणि ऑटो केला. कॉम्प्युटरचा डबा कुंदाच्या मांडीवर, पडदा माझ्या. आणि मुख्य रस्त्यावर येतो तो समोर खरीच मिरवणूक! ढोल, डीजे, निळे झेंडे, पांढऱ्या साड्यांचा लोंढा. ऑटो जागेवर रुतला. कुंदा दरवर्षी ही मिरवणूक आपल्या ओट्यावर बसून बघायची. इतकं चालणं झेपणार नाही, लोकांना आपल्यापायी थांबावं लागेल, म्हणून ती कधी उतरली नव्हती. त्या दिवशी पडद्यावरच्या कार्यक्रमासाठी का होईना, ती स्वतःही पांढरी साडी नेसून बसली होती. बायकांनी तिला ओळखलं. निम्म्यांच्या अंगातला ब्लाऊज तिच्या हातचा होता.

"कुंदाताई, कुठी निघाल्या?"

"मिरवणुकीत!"

"मंग उतरा ना, बसून काहून राह्यल्या?"

"हे डबडं कोन धरीन?"

त्यातल्या एका धिप्पाड बाईने तो डबा घेतला आणि लेकराला घ्यावा तसा कडेवर मारला. दुसरीने माझ्याकडचा पडदा घेतला. कुंदा माझा खांदा धरून खाली उतरली. कॅलिपरचा खट्ट आवाज ढोलात कुणाला ऐकू गेला असेल असं वाटत नाही, पण तिच्या भोवतीची रांग हळू झाली आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. चौकापर्यंत ती चालली. घामाने निथळली, दोनदा थांबली, घोषणा देऊन घसा बसवून घेतला. तिच्याकडे बघताना मला गॅदरिंगमधली विंगेत बसलेली परकरवाली पोरगी आठवत होती... चौकातून आम्ही ऑटोने माझ्या घरी आलो, तारा जोडल्या, पडदा उजळला. तिकडे सगळे तिच्यासाठी थांबून राहिले होते, साड्या नेसून, मांजरीसकट. कुणीतरी लिहिलं, "ताई, उशीर झाला?" कुंदाने घसा खाकरत एका बोटाने टाइप केलं, "ट्राफिक."

त्या मिरवणुकीत परक्या देशातल्या एका बाईने तिचा जरीपट्ट्याचा कॅलिपर पाहिला आणि विचारलं, असा मला करून देशील का. मग मागण्या येत राहिल्या. कुणाला मेंदी काढलेला कृत्रिम हात हवा होता, कुणाला झुमक्यासारखं कानाचं मशीन, कुणाला मोरपंखी चाकांची खुर्ची. भाषांतर करणाऱ्या यंत्राच्या मदतीने ती त्यांच्याशी तासन्‌तास बोलायची. आणि रिसोडच्या बायकांना सांगायची तेच त्यांनाही सांगायची, "सोमवारी या." तो सोमवार जगाच्या पाठीवर कुठल्याच देशात वेळेवर आला नाही. आपल्या खऱ्या कॅलिपरलाही तिने जरीचा पट्टा शिवून लावला. वाशिमच्या दवाखान्यात तपासायला गेली तेव्हा तिथल्या माणसाने हसून विचारलं, "लग्नाले चालल्या का?" ती म्हणाली, "रोजच."

कुंदा गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि दुपारी प्रज्ञाने कुंदाचं पडद्यावरचं दुकान उघडलं. मला वाटलं होतं, आत कुणी नसेल. तर तिथल्या बाकावर तीन-चार जणी बसलेल्या. टेलर बरेच दिवस दिसली नाही, म्हणून वाट बघत होत्या. प्रज्ञाने काय झालं ते सांगितलं. कुणी उठून गेलं नाही. प्रत्येकीने कुंदाची एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. बहुतेक गोष्टी उशिराच्याच होत्या, आणि आम्ही मायलेकींसारख्या एकमेकींना धरून हसत-रडत त्या वाचत राहिलो. शेवटी झुमक्याचं कानाचं मशीन घातलेली बाई बिचकत म्हणाली, हे जरा घसरतं, आता कोण नीट करून देईल?

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तू शीक."

"मी? मले बटन लावता येत नाही धड."

"तू उठाबशा काढल्या ना तिच्यासाठी. अर्धं तर तुला येतंच."

तेव्हापासून रविवारी दुपारी मी कुंदाच्या पुढच्या खोलीत जाऊन बसते. प्रज्ञा पुण्याहून फोनवर शिकवते. माझी पहिली बाही पाटासारखी ताठ निघाली. कानाचं मशीन मात्र जमलं. त्या बाईने नाचून दाखवलं, घसरलं नाही.

खुर्ची कुंदाचीच आहे. तिच्यावरची गादी तिने स्वतःच्या मापाने शिवलेली, डावीकडे जाड, उजवीकडे पातळ, म्हणजे तिला कंबर समान ठेवून बसता यायचं. मी बसले की उजवीकडे कलते. घरी आमचे मालक म्हणतात, दुसरी गादी घे, पाठ धरेल. प्रज्ञाही म्हणते. मी हो म्हणते, आणि रविवार आला की पुन्हा त्याच गादीवर कलून बसते. थोड्या वेळाने पाठ सवयीने जुळवून घेते. मग पडदाच जरासा तिरपा वाटायला लागतो... तो मी हाताने नीट करते आणि कामाला लागते.