झाकणाच्या आतली निशाणी

आमच्या घरात मिसळणाचे दोन डबे होते. एक स्वयंपाकघरात, हळद-तिखटाचा. दुसरा कपाटात, साड्यांच्या खाली. त्या दुसऱ्याच्या सात वाट्यांत कापूस घातलेला असायचा आणि कापसावर सात मनगटी घड्याळं. सहा कडेच्या वाट्यांत आणि सोन्याचं मधल्या वाटीत.

आमचे हे लग्नाआधी भिवंडीत धामणकर नाक्यावर एका घड्याळजीकडे कामाला होते. पुढे तिथेच एका कापड दुकानाच्या ओट्यावर स्वतःचं काचेचं काउंटर टाकलं. घरची भातशेती गोदामवाल्यांना विकली गेली तेव्हा दोघा भावांना आपापला हिस्सा मिळाला. मोठ्या दिरांनी गाळे बांधले आणि लूमवाल्यांना भाड्याने दिले. ह्यांनी घड्याळं घेतली.

तेव्हा भिवंडीत जुनी स्विस घड्याळं निघायची. कोणाचा बाप आखातात राबून आलेला असायचा, कोणाच्या आजोबाचा कापडाचा मोठा व्यापार असायचा. बाप गेला की पोरं घड्याळ घेऊन काउंटरवर यायची. पोरांच्या खिशात मोबाइल आले होते, त्यांना घड्याळाचं काय! हे ते घड्याळ दोन बोटांत धरून आधी वास घ्यायचे. मला हसू यायचं. पण ओल शिरलेल्या घड्याळाचा वास वेगळा असतो, ते मला पुढे कळलं.

साधी घड्याळं हे दुरुस्त करून विकायचे. फार चांगलं मिळालं तर घरी आणायचे. "ह्ये विकायचं न्हाय," म्हणायचे, आणि डब्यात एक वाटी भरायची.

सोन्याचं घड्याळ आलं त्या दिवशी ह्यांना जेवण गेलं नाही. मुंबईच्या एका दलालाने आणून दिलं होतं. पातळ केस म्हणजे बाहेरची डबी, काळी डायल, सोन्याचे आकडे. हिश्शातलं उरलेलं सगळं त्यात गेलं. मी विचारलं, "आतून बघितलं का?" तर म्हणाले, "चालत्या घड्यालाला उघडायचं न्हाय गो. चालता मानूस कोन चिरतं का?"

हा त्यांचा नियम होता. दुसरा नियम निशाणीचा. घड्याळ उघडलं की मागच्या झाकणाच्या आत सुईने बारीक निशाणी करायची. सगळे घड्याळजी करतात. कोणी तारीख कोरतो, कोणी नावातलं अक्षर. पुढच्याला कळावं, आधी कोणाचा हात लागला आहे ते. हे म्हणायचे, निशाणी न करता झाकण लावलं तर ती चोरी.

मग ह्यांच्या साखरेने डोळे धरले. आधी स्क्रूची खाच दिसेना, मग काटा दिसेना. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त उतरतंय. काउंटर बंद झालं. आलेली कामं हे घरी आणायला लागले आणि मला खिडकीशी बसवलं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण ते काम मला जमलं. तिथे कोणाशी बोलायचं नसतं. भिंग डोळ्याला लावलं की बाहेरचं सगळं नाहीसं व्हायचं. हे शेजारी बसून सांगायचे आणि मी करायची. "चिमटा उभा धर. दाबू नको, नुसता टेकव. पदर पसरून बस, स्क्रू पडला तर पदरात पडंल. पडला तर उठायचं न्हाय, हलायचं न्हाय." मशीन सुटं करून पेट्रोलमध्ये धुवायचं, फुंकणीने सुकवायचं, चाकं ज्यांवर फिरतात त्या बारीक लाल दगडांवर तेलाचा इतका लहान थेंब ठेवायचा की तो ठेवला की नाही हेच कळू नये.

पहिल्याच महिन्यात मी एक चूक केली. एका जुन्या डायलवर पिवळा डाग होता. मी भांडी घासणारी बाई, डाग बघून हात थांबेना. पेट्रोलचा बोळा फिरवला तर डागही गेला आणि आकडेही गेले. मी रडायला लागले. हे हसले. म्हणाले, "कपाल पुसलंस गो तिचं." मग नीट समजावलं. डाग म्हणजे घड्याळाचं वय. घेणारा ते वय विकत घेतो. नवी रंगवलेली डायल कितीही चकाको, जाणत्याकडे तिला किंमत नाही. केस, डायल, काटे, मशीन, चारही एका जन्माचे असले तर ते घड्याळ. नाहीतर भंगारातला संसार.

निशाणी काय करायची, हे मी त्यांनाच विचारलं. मला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला. अंगठ्याच्या मागे लहानपणचं गोंदण आहे, पाच टिंबं आणि मधे उभी रेघ. म्हणाले, "हीच कर." डोळ्यांनी दिसत नव्हती तरी प्रत्येक झाकणावरून ते अंगठ्याचं नख फिरवून बघायचे. "टिंबं खोल झाली," म्हणायचे, नाहीतर "रेघ वाकडी गेली तुझी."

आम्ही नारपोलीत राहतो. भिंतीला भिंत लागून लूमचं शेड. त्या खटखटीत घड्याळाची टिकटिक ऐकू येणं शक्यच नाही. पण तेव्हा दिवसाउजेडी तासन्‌तास लाइट जायची. लाइट गेली की सगळे लूम एकदम थांबायचे आणि गल्लीत इतकं सामसूम व्हायचं की पलीकडच्या घरातली फोडणी ऐकू यावी. ती आमची ऐकण्याची वेळ. हे घड्याळ माझ्या कानाला लावायचे. "ह्याची चाल ओलख." प्रत्येक मशीनची चाल वेगळी. कोणाची घाईची, कोणाची जड, कोणी पाय ओढत चालणारं. मी दोन-तीन वर्षांत बऱ्याच मशिनी आवाजावरून ओळखायला लागले.

एकदा होळीच्या आधी अशीच दुपारी लाइट गेली. हे दवाखान्यात गेले होते. मी सातही घड्याळांना चावी द्यायला बसले होते, आतलं तेल थिजू नये म्हणून आठवड्यातून एकदा द्यावी लागते. सोन्याचं घड्याळ सहज कानाला लावलं आणि माझा हात थांबला. ती चाल मला माहीत होती. गिरणीकामगार, मास्तर, कंडक्टर घालायचे तसल्या साध्या देशी घड्याळाची चाल. तसली शंभर तरी मी धुतली होती. वाटलं, माझा कान चुकतोय. पुन्हा लावलं. चाल तीच.

मी सुरीने झाकण उघडलं. झाकण खरं, केस खरी, सोनंही खरं. आतलं मशीन देशी. बाजूला पितळेची कड लावून बसवलेलं. काटे काढून डायल भिंगाखाली धरली तर कडेला नव्या काळ्या रंगाखाली जुना रंग डोकावत होता.

मी सगळं होतं तसं बसवलं. झाकण लावायच्या आधी सुई घेतली आणि पाच टिंबं आणि रेघ केली. हात आपोआप गेला. न करणं म्हणजे चोरी, एवढंच मला माहीत होतं.

संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. पण ह्यांच्याबरोबर मोठे दीर आले. मी चहा ठेवला. दीर डब्याकडे बघून म्हणाले, "काय रं, घड्यालात भात पिकते का? बापाचा शेत वाटीत घालून बसलायस!"

हे हसत म्हणाले, "पिकते ना दादूस. तुझ्या गाल्याचं पत्रं गंजतील, ह्याचा भाव वाढंलच. डॉक्टर ऑपरेशन सांगतायत ना, मुंबईच्या मोठ्या हास्पिटलात? ह्ये एकटं सोन्याचं त्या ऑपरेशनचा खर्च काढंल."

"आनि न्हाय काढला तर?"

"तर तू माझे बारा वाजले म्हन."

दोघंही हसले. मी कपबशा उचलल्या. दीर गेल्यावर सांगू म्हटलं, तर हे मधली वाटी गालाला लावून बसले होते. मी आत गेले आणि भाकऱ्या थापल्या.

दुसऱ्या दिवशी सांगायचं राहिलं. मग ते रोजच राहिलं.

डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशनला उशीर करू नका. हे म्हणायचे, सोन्याचं इतक्यात काढायचं नाही, दरवर्षी भाव चढतोय. तोवर इकडे ठाण्याला लेसरचे शेक घेऊ. त्या शेकांसाठी कडेच्या वाट्या रिकाम्या व्हायला लागल्या. चौकोनी घड्याळ गेलं, मग चंद्र दाखवणारं. ती खरी घड्याळं होती. चारही गोष्टी एका जन्माच्या. मी स्वतःच्या हाताने धुतलेली. प्रत्येक वेळी हे डबा मांडीवर घेऊन बोटांनी चाचपायचे आणि विचारायचे, "कोनतं देऊ गो?" प्रत्येक वेळी माझ्या तोंडाशी यायचं. ही सगळी एकदम विका आणि ऑपरेशन करून घ्या, सोन्याच्या नादी लागू नका. सहा खरी घड्याळं एकत्र विकली असती तर मुंबईचं ऑपरेशन झालं असतं. एक-एक विकून नुसते शेक झाले.

मी बोटाने दाखवायची. "हे द्या," एवढंच बोलायची.

दोन पावसाळे गेले. मधली वाटी सोडून डबा रिकामा झाला. डाव्या डोळ्याने ह्यांना नुसता उजेड कळत होता, उजव्यासमोर जाळं होतं. डॉक्टर म्हणाले, आता महिनाभरात करा. तेव्हा हे म्हणाले, "चला. दिवस आला." दिरांनाही बरोबर घेतलं. "दादूसनं सोताच्या डोल्यांनी बघावं."

दिरांच्या गाडीतून आम्ही मुंबईला गेलो. मी मागे बसले होते. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी कशेळीच्या पुलावर आली तेव्हा मी ठरवलं, आता बोलायचं. पूल संपला.

जुनी घड्याळं घेणाऱ्याचं दुकान फोर्टात होतं, लहानसं. म्हाताऱ्या दुकानदाराने घड्याळ घेतलं, भिंग लावलं. बराच वेळ डायल बघितली. मग कानाला लावलं. त्याने सुरी घेऊन झाकण उघडलं आणि भिंग काढून ठेवलं.

"केस असली है. सोना भी असली. मशीन इसका नहीं है, भाऊ."

"इसका नहीं म्हंजे?" दीर म्हणाले.

"देसी मशीन डाला है. डायल भी रंगाया हुआ. मैं सिर्फ सोने का भाव दे सकता हूँ."

हे हसायला लागले. "काका, तुम्ही नीट बघा. ह्ये कधी उघडलेलंच न्हाय."

"खुला है ना. ये देखो निशानी. पाँच बिंदी, बीच में खड़ी लकीर. जिसने खोला उसको तो मालूम ही होगा."

ह्यांचं हसणं थांबलं. त्यांनी हात पुढे केला. दुकानदाराने झाकण तळव्यावर ठेवलं. ह्यांनी अंगठ्याचं नख आत फिरवलं, हळूहळू, एकेका टिंबावरून. मी माझा उजवा हात पदराखाली घेतला. तो त्यांना दिसणार नव्हता, तरी घेतला.

दिरांना त्या निशाणीचा अर्थ माहीत नव्हता. ते टोमणा मारतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी मारला असता तर बरं झालं असतं. ते ह्यांच्या खांद्याला धरून म्हणाले, "चल. ऑपरेशनचं मी बघतो."

"बंद करून द्या," हे दुकानदाराला म्हणाले. घड्याळ विकलं नाही.

परत येताना कशेळीच्या पुलाजवळ गाड्या तुंबल्या होत्या. दीर चहा घ्यायला उतरले. हे पुढच्या सीटवरून मागे न वळता म्हणाले, "लाइट गेलेली का?"

"हो."

"आवाजावरून?"

"हो."

"इतकी वर्सं मी कानाला लावत होतो. मला कलला न्हाय." मग म्हणाले, "बोलली का न्हायस गो?"

दीर चहाचे ग्लास घेऊन आले.

दिरांनी पैसे भरले, ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यावरची पट्टी काढून बघून डॉक्टर म्हणाले, हा गेला, वर्षभर आधी आणायला हवं होतं. उजव्यासमोरचं जाळं तसंच राहिलं आणि पुढच्या पावसाळ्यात त्या डोळ्यानेही दिसेनासं झालं. "वर्षभर आधी" हे डॉक्टर ह्यांच्यासमोरच बोलले. ह्यांनी मान हलवली. मला त्यावर कधी काही बोलले नाहीत. ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं.

आता ते सोन्याचं घड्याळ हे रोज मनगटावर घालतात. कोणी विचारलं तर देशी मशीन आहे म्हणून सांगतात. बाहेरून कामं येतात ती मी करते, पण हे खिडकीशी येऊन बसत नाहीत. झालेलं काम नखाने तपासत नाहीत. कपाटातला डबा मी घासून स्वयंपाकघरात घेतला आहे.

गेल्या महिन्यात ते घड्याळ बंद पडलं. ह्यांनी काढून माझ्यासमोर ठेवलं. "उघड," म्हणाले. मी मशीन धुतलं, तेल घातलं, चाल लावली. तेवढा वेळ हे समोरच्या खाटेवर बसून होते.

"निशानी केलीस?"

"केली. पहिलीच्या खाली."

त्यांनी झाकण मागून घेतलं. अंगठ्याचं नख खालच्या निशाणीवरून फिरवलं, पाच टिंबं, मग रेघ. वरच्या निशाणीकडे नख नेलं नाही. झाकण माझ्या हातात परत दिलं आणि मी ते दाबून बसवलं.