मांजरपाटावरचं पत्र

पडदेमावशीला कुणी नावाने हाक मारल्याचं तिच्या सुनेनेसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. नाटकांचे मागचे पडदे रंगवण्यात हयात गेली, म्हणून पडदेमावशी. राजवाडे, जंगलं, रेल्वे स्टेशनं, चांदण्या रात्री, नाटकाला जे हवं ते तिने मांजरपाटाच्या कापडावर उभं केलं. खेळ बंद पडला की त्याच कापडावर पांढरा हात मारायचा आणि पुढचं रंगवायचं. नाटक कंपनीतला शिंपी म्हणायचा, मावशीच्या राजवाड्याचं पोट फाडलं तर आतून जंगल निघेल.

पुढे गुडघ्यांनी शिडीशी असहकार पुकारला आणि काम थांबलं. पत्रं मात्र थांबली नाहीत. दुपारी जेवणं आटोपली, भांडी निथळायला लागली की मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. बहिणीला पत्र, शिंप्याला पत्र, एका दिग्दर्शकाला पत्र. या दिग्दर्शकाने एका जिन्याच्या रंगावरून तिच्याशी अबोला धरला होता आणि आता म्हातारपणी तो पानंच्या पानं लिहून त्याची भरपाई करत होता. मावशीच्या पत्रात मजकूर थोडा आणि समासात चित्रं फार. बहीण वैतागायची.

"तब्येत कशी आहे विचारलं, तर तू मांजर काढून पाठवलंस," तिने एकदा लिहिलं.

उलट टपाली मावशीने तेच मांजर पाठवलं, या वेळी चारी पाय वर करून झोपलेलं. खाली लिहिलं, "यावरून समज."

लिहिता येत नव्हतं असं नाही. पण मनातलं सरळ लिहायची वेळ आली की मावशीचा हात आपोआप समासाकडे वळायचा. जड काही आलं की तिथे एक पक्षी बसायचा आणि वाक्य अर्धवट राहायचं.

सगळ्यात जास्त पक्षी गेले ते दिवेदादांकडे. दादा कंपनीत रंगमंचावरचे दिवे सांभाळायचे. मावशीहून सात-आठ वर्षांनी मोठे, बोलायला तिरकस, कामाला चोख. निवृत्तीनंतर ते दुसऱ्या गावी लेकीकडे राहायला गेले, तेव्हापासून दोघांचा पत्रव्यवहार. दादा पत्रातही दिव्यांचंच लिहायचे. "आज समोरच्या भिंतीवर चार वाजता जे ऊन पडलं ना बाई, तसं मला जन्मात पाडता आलं नाही." मावशी ते ऊन रंगवून पाठवायची आणि दादा त्यात चुका काढायचे. दोघांचं मस्त चाललं होतं.

मग दादांची नजर गेली. एकदम नव्हे. समोर बघितलं की मधोमध धुकं आणि कडेकडेने थोडं जग. पत्रं लेक वाचून दाखवायला लागली. लेक शाळेत शिकवायची. स्वच्छ, खणखणीत आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

हे कळल्यापासून मावशीची पत्रं आखडली. मधे तिसरं माणूस उभं आहे म्हटल्यावर काय लिहिणार? "इकडे सर्व ठीक. गुडघे बरे. सून कामावर रुजू झाली." एके दिवशी दादांचा फोन आला.

"बाई, हल्ली तुझी पत्रं हवामान खात्याकडून येतात का?"

"तुमची लेक वाचते ना. तिच्यासमोर काय काय लिहू?"

"छान वाचते. स्वल्पविराम आला की थांबतेसुद्धा. पण चित्रांचं काय करायचं? परवा म्हणाली, बाबा, कोपऱ्यात एक पक्षी आहे. म्हटलं, कसला? तर म्हणे, साधारण पक्षी."

मावशी हसली. दादा हसले नाहीत.

"चाळीस वर्षं तुझं काम बघितलं. तुझ्या हातून साधारण पक्षी निघेल? तिची चूक नाही गं. पण मला एक पत्र माझं मी वाचायचंय. डॉक्टर म्हणतात, हे कडेकडेचंही आता फार दिवस टिकायचं नाही."

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिने विचारलं, "सध्या दिसतं काय काय तुम्हाला?"

"माणसं दिसतात, तोंडं दिसत नाहीत. आणि समोर खाली सलूनची पाटी. मान वाकडी केली की पाटी वाचता येते. रोज वाचतो. दाढी आणि कटिंग. त्यात पुढे काही घडत नाही."

"पाटीची अक्षरं केवढी आहेत?"

"हातभर."

"बरं," मावशी म्हणाली आणि फोन ठेवून माळ्यावरचं कापड काढायला सुनेला हाक मारली.

हातभर अक्षरं म्हणजे मावशीच्या डाव्या हातचा मळ. उभ्या आयुष्यात तिने लहान काही रंगवलंच नव्हतं. गच्चीवर मांजरपाट अंथरला, लांब दांड्याचा कुंचला घेतला आणि उभ्याउभ्या पत्र रंगवलं. कापडाला पहाटेचा रंग दिला, खाली करडा, वर निळा. त्यावर गडद निळी अक्षरं, कडा धुक्यात विरत गेलेल्या. ख्यालीखुशाली, जुन्या खेळांच्या आठवणी, मधे एक वेल, आणि पक्षी तर अख्खा थवा. दोन दिवस ती जेवताना गुणगुणत होती. सुनेने घडी घालून पार्सल पाठवलं.

चार दिवसांनी दादांच्या लेकीचा फोन आला.

"मावशी, पत्र मिळालं. म्हणजे, गल्लीला मिळालं."

"गल्लीला?"

"अहो, घरात मावेना. मग समोरच्या काकूंनी त्यांच्या गॅलरीतून खाली सोडलं, बाबांना खुर्चीतून बघता यावं म्हणून. सकाळपासून सगळी गल्ली वाचतेय. तुमच्या गुडघ्यांना तेल कुठलं लावावं, ते सलूनवाला सांगत होता. फार सुंदर आहे हो, मावशी. लोक फोटो काढतायत."

मावशीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तरीही तिने विचारलं, "आणि दादा काय म्हणाले?"

लेक थांबली. या वेळी मधे स्वल्पविराम नव्हता.

"बाबांना नुसतं निळं दिसतंय. म्हणाले, आभाळ छान जमलंय, पण पत्र कुठाय?"

त्या दिवशी मावशीने चहा घेतला नाही. निळ्यावर निळं. धड नजरेच्या माणसांनी वाहवा करावी असं काम, आणि ज्याच्यासाठी केलं तो एकटाच कोरडा. संध्याकाळी सून कामावरून आली तेव्हा मावशी टेबलाशी तशीच बसलेली.

"आई, एक बोलू? रागावू नका."

"म्हणजे रागवण्यासारखंच आहे. बोल."

"मला तेव्हाच वाटलं होतं की हे वाचता येणार नाही. पण म्हटलं, ते वाचलं जाऊच नये असं तुम्हाला वाटत असेल."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"रंगातलं काही नाही. पण तुम्ही मला दिलेल्या चिठ्ठ्या आहेत ना. मी नोकरीला लागले त्या दिवशी डब्यात चिठ्ठी होती, चांगलं कर, आणि पुढे बदक. मी दिवसभर विचार करत होते, बदकाचा अर्थ काय."

"अर्थ काय असणार? मला बरं वाटलं होतं."

"मग तसं लिहायचं ना, आई."

मावशीने तिच्याकडे रागाने पाहायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. सुनेने न विचारता चहा टाकला. आधण आल्यावर मावशीने स्वतःच साखर टाकली. मग आपणच बोलायला लागली.

कंपनीत ती लागली तेव्हा तिचं काम एकच, रंगात घालायचा डिंकासारखा सरस ढवळायचा आणि कुंचले धुवायचे. मुख्य रंगारी आजारी पडला, खेळ तोंडावर आलेला, मालकांनी नाइलाजाने पडदा हिच्यावर सोपवला. पहाटेचं आभाळ. दिवसाउजेडी ते झकास दिसत होतं. तालमीला दिवे लागले आणि आभाळाचं धुण्याचं पाणी झालं. रंग उन्हात बघायचे नसतात, दिव्यांखाली बघायचे असतात, हे हिला कुणी सांगितलंच नव्हतं. मालक म्हणाले, पडदा उतरवा, आणि हिचा हिशोब करून टाका. तेव्हा वरच्या माचावरून आवाज आला, "मालक, दिवे अजून लागायचेत." दादांचा. दिवे तर लागलेलेच होते. पण त्या दुपारी दादा जेवले नाहीत. एकेका दिव्यासमोरचा रंगीत कागद बदलत राहिले, खाली बघत, पुन्हा बदलत.

"आणि संध्याकाळी?" सुनेने विचारलं.

"संध्याकाळी पडदा उघडला आणि आभाळाने टाळी घेतली. नटाच्या आधी आभाळाने. मालकांनी दुसऱ्या दिवशी मला रंगारी म्हणून ठेवून घेतलं. तुझं लग्न, तुझ्या नवऱ्याचं शिक्षण, हे घर, सगळं त्या एका टाळीवर."

"मग तुम्ही काय म्हणालात दादांना?"

"म्हणायला गेले होते. तर म्हणाले, बाई, आभाळ तुझं, मी नुसते दिवे लावले. जा, कुंचले वाळतायत. पुढे मग रोजच भेट, रोजचीच थट्टा. राहूनच गेलं."

"पत्रात?"

"पत्रात पक्षी," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुनेची सुट्टी होती. दोघींनी गच्चीवर नवं कापड अंथरलं. पांढरंच ठेवलं, वर काळा रंग. खाली शेड नाही, भोवती वेल नाही, कापडाच्या कडेपर्यंत अक्षरं, म्हणजे समासाचा प्रश्नच मिटला. या वेळी अक्षरं आणखी मोठी, त्यांत मावणार किती? मावशी कधी नव्हे ती शब्दांसाठी अडली. राजवाड्याला लागला नसेल एवढा वेळ दोन वाक्यांना लागला. शेवटी कुंचला बुडवला आणि एका दमात लिहून काढलं. लिहून झाल्यावर तिचा हात हळूच लहान कुंचल्याकडे गेला. सून खोकली. मावशीने कुंचला जागच्या जागी ठेवला.

"गल्ली वाचेल हं, आई," सून म्हणाली.

"वाचू दे. गल्लीला माझे गुडघे ठाऊक आहेत, आता हेही ठाऊक होऊ दे."

पार्सल गेलं. त्यानंतर मावशीचा जीव टांगणीला लागला. पोचलं का, टांगलं का, दिसलं का. फोन वाजला की ती सुनेच्या आधी धावायची, गुडघे विसरून. एका सकाळी लेकीचा फोन आला, आज तिचा आवाज शाळेतला नव्हता, एकदम हळू.

"मावशी, टांगलंय. मी काही सांगितलेलं नाही बाबांना. गल्लीतही सगळ्यांना बजावलंय, मोठ्याने कुणी वाचायचं नाही. सलूनवाल्याने सुरुवात केली होती, त्याला गप्प केलं. बाबांच्या कानाशी फोन धरतेय."

पलीकडून गल्लीचा आवाज येईल असं मावशीला वाटलं होतं. काहीच आलं नाही. सगळी गल्ली श्वास रोखून उभी असावी. मग दादांची खुर्ची करकरली.

"थांब. मान वाकडी करतो," दादा पुटपुटले. "हं. दादा. हे माझं नाव झालं. ते... आ... आभाळ. ते आभाळ अ... अर्धं..."

मावशीने टेबलाची कड घट्ट धरली. ओठांवर आलेला पुढचा शब्द तिने गिळला.

"...अर्धं तुमचं होतं," दादांनी वाचलं. मग खालची ओळ, अजून सावकाश, एकेक अक्षर कडेला आणत. "त्यावर... माझं... सगळं... उभं राहिलं."

पुन्हा एकदा त्यांनी पहिल्यापासून वाचलं, या वेळी सलग. कुणीतरी खाली नाक ओढलं. नंतर कळलं, तो सलूनवाला होता.

"काळं जरा पातळ झालंय," दादा म्हणाले. "दुसऱ्या ओळीत."

"सरस कमी पडला," मावशी म्हणाली. तिचा आवाज फुटला होता, पण दादांनी तो न ऐकल्यासारखं केलं.

"आणि अर्धं वगैरे काही नाही. मी नुसते..."

"दादा, पुरे. या वेळी नाही म्हणायचं नाही. मोठ्या अक्षरात लिहिलंय."

दादा घसा खाकरत राहिले.

"लिहिलंयस खरं," ते शेवटी म्हणाले. "मलाही एक लिहायचं होतं तुला. बरीच वर्षं झाली."

"मग सांगा की, फोन चालू आहे."

"असलं फोनवर सांगतात होय? कापड पाठव एक. कोरं. आणि काळा रंग, या वेळी घट्ट."

"केवढं कापड पाठवू?"

"मोठं पाठव," दादा म्हणाले, "आटोपशीर लिहिता येईल असं नाही ते."